पहिल्या तुकडीतली आलिशान गाडी की चौथ्या वर्षातली?

आलिशान वर्गातली इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे एकदा ठरले की बहुतेकांचा वेळ कंपन्यांची तुलना करण्यात जातो. माझ्या मते त्याआधी एक वेगळी तुलना करायला हवी. तेवढ्याच पैशांत एखादे कोरे मॉडेल पहिल्याच वर्षी, पहिल्या तुकडीत घेता येते, किंवा बाजारात येऊन तीन-चार वर्षे झालेले आणि एकदा फेसलिफ्ट, म्हणजे मधल्या काळातली सुधारणा, होऊन गेलेले मॉडेल घेता येते. मी हे दोन्ही प्रकार एकापाठोपाठ एक वापरले आहेत. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत आणि त्यांची नावे येथे मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे त्याचा संबंध बोनेटवरच्या चिन्हापेक्षा खरेदीच्या वेळेशी अधिक आहे. रेंज, पिकअप, चार्जरची क्षमता हे आकडे निवडीच्या या टप्प्यावर आलेल्या वाचकाला पाठ असतीलच, तेव्हा ते वगळतो.

आधी पहिल्या तुकडीच्या बाजूने बोलतो. ती गाडी चालवायला माझ्या आताच्या गाडीपेक्षा सरस होती, हे मी आजही नाकारणार नाही. स्टीअरिंगचा प्रतिसाद, केबिनमधली शांतता, लांबच्या प्रवासात पाठीला मिळणारा आधार, यांपैकी कशातही बनवणाऱ्यांनी हात आखडता घेतलेला जाणवत नव्हता. लाँच एडिशनमध्ये कंपन्या बऱ्याचदा सगळे काही भरून देतात, आणि पुढच्या वर्षांत खर्चाला कात्री लागली की एखादे चांगले अस्तर, एखादे उपयोगी बटण गुपचूप नाहीसे होते. शिवाय रस्त्यावर अजून कोणाकडे नसलेली गाडी आपल्याकडे असण्याचा एक आनंद असतो. त्याला बालिश म्हणणाऱ्यांनी आलिशान गाडीच्या वाटेला जावेच कशाला, असे मला वाटते.

माझे मत फिरले ते एका फुटकळ वाटणाऱ्या गोष्टीमुळे, बारा व्होल्टच्या बॅटरीमुळे. इलेक्ट्रिक गाडीच्या तळाशी कितीही मोठी बॅटरी असली तरी कुलपे, स्क्रीन, निरनिराळी कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे संगणक) आणि त्या मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच हे सगळे या लहान बॅटरीच्या जिवावर चालते. गाडी बंद करून आपण निघून गेलो की ही युनिट थोड्या वेळात झोपी जाणे अपेक्षित असते. माझ्या गाडीत त्यांपैकी एखादे जागेच राहत असे, रात्रभर थोडी थोडी वीज खात असे, आणि सकाळी मोठी बॅटरी चांगली भरलेली असूनही गाडी निपचित पडलेली असे. त्यातच दारांच्या मुठी पत्र्याशी सपाट बसणाऱ्या आणि विजेवर बाहेर येणाऱ्या, त्यामुळे वीज नाही म्हणजे मूठही नाही. मग रिमोटच्या पोटातली धातूची पाती ओढून काढायची, मुठीच्या कडेचे प्लास्टिकचे झाकण नखाने उचकटायचे, झाकणामागच्या कुलपात पाती फिरवून दार उघडायचे, मग बोनेट उघडून बाहेरून वीज देणारा जंप स्टार्टर लावायचा. हे पुन्हा पुन्हा केल्याने त्या झाकणाभोवतीच्या रंगावर बारीक ओरखडे उठले, आणि गाडी विकेपर्यंत दार उघडताना आधी ते दिसत राहिले.

एवढ्यावर मी गाडी सोडली असती असे नाही. कोऱ्या मॉडेलमध्ये असे काहीतरी निघणार हे गृहीत धरूनच माणूस पहिल्या तुकडीत नाव नोंदवतो. सर्व्हिस सेंटरने प्रथम सांगितले की गाडी रोज चालवत जा. त्यानंतर लॉगमध्ये, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदींत, काहीच सापडत नसल्याचे सांगितले. मग पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये दुरुस्ती येणार असल्याचे कळले. अपडेट आले, स्क्रीनवरची चिन्हे बदलली, दुखणे तसेच राहिले. अखेरीस एका अनुभवी तंत्रज्ञाने खासगीत सांगितले की नव्या मॉडेल वर्षाच्या गाड्यांत वेगळे युनिट बसवल्याने ही तक्रार थांबली आहे. ते माझ्या गाडीत पदरचे पैसे मोजून तरी बसवून मिळेल का, असे मी विचारले, तर तशी तरतूद नाही असे उत्तर आले, तेही तोंडी. लेखी द्यायला कोणी तयार झाले नाही. ज्या ग्राहकांच्या गाड्यांनी हा दोष कंपनीला दाखवून दिला, त्यांना वगळून त्याचा उपाय पुढच्यांना मिळाला. त्या दिवसापासून कंपनीचे कोणतेही आश्वासन ऐकताना ते माझ्या गाडीला लागू आहे की पुढच्या वर्षीच्या, असा प्रश्न आपोआप मनात येऊ लागला, आणि विश्वास गेला म्हणजे नेमके काय झाले हे मला याहून अचूक सांगता येणार नाही.

पहिल्या ग्राहकांशी कंपनी वेगळी वागू शकते, याचा दाखला जुना आहे. लेक्ससने 1989 मध्ये एलएस 400 आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या तक्रारींवरून, अमेरिकेत विकलेल्या सुमारे 8,000 गाड्या तिला परत बोलवाव्या लागल्या. गाड्या मालकांच्या दारातून नेण्यात आल्या आणि दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत पोहोचवण्यात आल्या. ज्या रिकॉलने नवख्या ब्रँडचे नाव बुडायचे, त्यानेच तिची पत वाढवली. एकच कंपनी दोन्ही प्रकारे वागल्याचेही उदाहरण आहे. टेस्लाने ऑगस्ट 2014 मध्ये मॉडेल एसच्या ड्राइव्ह युनिटला, म्हणजे चाके फिरवणाऱ्या मोटरच्या संचाला, आठ वर्षांची, अंतराची मर्यादा नसलेली वॉरंटी दिली आणि ती आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू केली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये ऑटोपायलटची (चालकाला मदत करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेची) उपकरणे जाहीर झाली, तेव्हा मात्र नुकतीच डिलिव्हरी घेतलेल्यांना कळले की ती त्यांच्या गाडीत मागाहून बसणार नाहीत. पुढे जानेवारी 2023 मध्ये किमती उतरवल्या गेल्या, तेव्हा चीनमधले नुकतेच झालेले ग्राहक थेट शोरूमवर जाऊन जाब विचारू लागले.

चौथ्या वर्षातली गाडी घेणाऱ्याला या सगळ्याची फारशी झळ लागत नाही, कारण भांडणे त्याच्या आधीच होऊन गेलेली असतात. मर्सिडीजने 2002 च्या ई-क्लासमध्ये पेडलचा संदेश विजेने पोहोचवणारी ब्रेक यंत्रणा दिली. 2004 मध्ये या यंत्रणेसाठी 6,80,000 गाड्या आणि 2005 मध्ये ब्रेकसह इतर काही दोषांसाठी सुमारे 13 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. 2006 च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने ही यंत्रणा काढून नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक बसवले. त्यानंतर ई-क्लास घेणाऱ्यांपैकी कित्येकांना हे प्रकरण ठाऊकही नसेल. पोर्शेच्या टायकनचा प्रवासही बोलका आहे. ती 2019 मध्ये आली. चालत्या गाडीची शक्ती अचानक जाण्याच्या दोषासाठी 2021 मध्ये सुमारे 43,000 गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले. आणि 2024 च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने कमाल रेंज 678 किलोमीटरपर्यंत वाढवल्याचा आणि योग्य चार्जरवर 10 ते 80 टक्के चार्जिंग 18 मिनिटांत होत असल्याचा दावा केला. पहिल्या तुकडीतल्या मालकाच्या दारात जवळपास तोच चेहरा असलेली, पण कितीतरी मागे पडलेली गाडी उभी राहते.

माझी आताची गाडी अशीच चौथ्या वर्षातली आहे आणि ती थोडी निरस आहे. तिच्या मेनूची रचना जुनी वाटते, व्हॉइस कमांडला निम्मे शब्द कळत नाहीत, आणि सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस मान वळवून तिच्याकडे पाहत नाही. पण तिला काय काय होऊ शकते हे सर्व्हिस सेंटरला पाठ आहे. मागच्या चाकांजवळून खडखड येते म्हटल्यावर सल्लागाराने लॉग वाचायला संगणक जोडला नाही. कोणता बुश (सांध्यातला रबरी भाग) घिसतो ते सांगितले, सुधारित भाग स्टोअरमधून मागवला आणि वॉरंटीत बदलून दिला. दाराच्या मुठी साध्या, हाताने ओढायच्या आहेत. सकाळी मूठ ओढली की दार उघडते, याचे मला अजूनही थोडे कौतुक वाटते.

पैशांचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद नाही. दोन्हींची किंमत पडते, मात्र पहिल्या तुकडीची अधिक वेगाने पडते, कारण जुनी गाडी घेणाराही मॉडेल वर्ष पाहतो आणि कोणते युनिट कधी बदलले याची चौकशी करूनच येतो.

यावरून पहिली तुकडी सरसकट वर्ज्य आहे असे मी म्हणणार नाही. नवे शरीर जुन्या, रुळलेल्या प्लॅटफॉर्मवर (गाडीच्या मूळ सांगाड्यावर) चढवलेले असेल तर जोखीम बरीच कमी होते. प्लॅटफॉर्म, बॅटरी आणि सॉफ्टवेअर तिन्ही एकदम नवे असतील तेथे मी थांबेन, मग पुरस्कार कितीही मिळालेले असोत. जग्वारच्या आय-पेसने 2019 चा वर्ल्ड कार ऑफ द इयर पुरस्कार मिळवला होता. तिच्या बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे आधी चार्जिंग 80 टक्क्यांवर रोखावे लागले आणि पुढे 2024 मध्ये अमेरिकेतल्या 2019 च्या 2,700 हून अधिक गाड्या कंपनीला विकत परत घ्याव्या लागल्या. परत घेतल्या याचे श्रेय कंपनीला द्यायला हवे, पण तोवर मालकांनी काढलेली वर्षे परत मिळत नाहीत.

कोऱ्या मॉडेलवर मन जडलेच असेल तर बुकिंगपूर्वी डीलरला त्याच कंपनीच्या मागच्या नव्या मॉडेलविषयी विचारावे. त्याच्या पहिल्या वर्षीच्या गाड्यांना नंतरचे सुधारित भाग वॉरंटीत मिळाले का, आणि आज तेच मॉडेल वापरणारे मालक काय सांगतात, हे समजून घ्यावे. घरात दुसरी गाडी असेल आणि ही लीजवर घेत असाल, म्हणजे तीन वर्षांनी ती कंपनीच्याच गळ्यात परत जाणार असेल, तर माझा बराचसा आक्षेप गळून पडतो. तेव्हा ती खुशाल घ्यावी. फक्त गाडी वर्कशॉपमध्ये अडकली तर त्याच दर्जाची पर्यायी गाडी मिळेल आणि तेवढ्या दिवसांचा हप्ता आकारला जाणार नाही, ही दोन कलमे सही करण्यापूर्वी करारात लिहून घ्यावीत.