५ लिटरचा स्टील कुकर आणि डुकराच्या बरगड्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

थेट मुद्द्यावर येतो. जाड बुडाचा, बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा ५ लिटरचा स्टील कुकर पावसाळ्याच्या तोंडापासून साताऱ्यात वापरात आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त शिजल्या त्या डुकराच्या बरगड्या. पातेल्यात ज्या कामाला दोन-अडीच तास जातात ते हा कुकर पाऊण-एक तासात चोख करतो. पण कुकर फक्त मऊपणा देतो. रंग, खमंगपणा आणि मसाल्याची चव नंतर वेगळी चढवावी लागते. त्यासाठी आपल्याकडची जुनी पद्धत, म्हणजे आधी अळणी (हळद-मीठ घालून, तिखट मसाला न घालता शिजवलेल्या मांसाचं पाणी) काढायची आणि मग त्याचं सुकं व रस्सा करायचा, हीच बरगडीला सगळ्यात जास्त मानवते. सगळा मसाला एकदमच घालून कुकर लावला की बूड करपतं आणि बरगडीही धड शिजत नाही.

आधी शिट्ट्यांचा हिशोब सोडून द्या. "पाच शिट्ट्या काढा" या सांगण्याला अर्थ नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा-सात मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्यांनाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात. किती शिट्ट्या होणार हे आच, पाणी आणि कुकर किती भरलाय यावर ठरतं. मांस किती शिजलं ते मात्र दाबाखाली किती मिनिटं राहिलं यावर. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर घ्यायची, लगेच गॅस सिमवर आणायचा आणि तिथून घड्याळ लावायचं. सिमवर मधूनच एखादी शिट्टी झाली तर आच बरोबर आहे. एकामागून एक होत राहिल्या तर आच जास्त आहे, पाणी वाफेवाटे चाललंय.

दोन-अडीच इंचांचे तुकडे असतील तर २० मिनिटं. अख्ख्या लांब बरगड्या असतील तर २५. पाठीच्या कण्यालगतच्या आखूड, कमी चरबीच्या बरगड्यांना १५ ते १८ पुरतात. गावठी, मोठ्या वयाचं जनावर असेल तर ३० ते ३५ धरा. फार्मवरच्या पांढऱ्या डुकराचं मांस कोवळं असतं. इलेक्ट्रिक कुकरचा दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा बहुतेक वेळा कमी असतो, त्यात पाच-दहा मिनिटं वाढवावी लागतात.

आपल्या जिल्ह्यात उंचीचाही फरक पडतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७४० मीटरवर आहे, उघड्या भांड्यात इथं पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, तिथं ९५-९६ ला. म्हणूनच वर पातेल्यात मटण शिजता शिजत नाही. कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेच्या वर साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब धरते, त्यामुळे आतलं तापमान साताऱ्यात ११८-११९ अंशांपर्यंत जातं आणि महाबळेश्वरात त्याहून अंशभर कमी भरतं. वर करताना २५ मिनिटांऐवजी २८ धरली की भागतं. सांगली-मिरजेकडे उंची आणखी कमी, तिथं काही बदलायला नको.

या तापमानाचं महत्त्व असं की बरगडीत मांसाला हाडाशी बांधून ठेवणारा चिवट भाग भरपूर असतो. तो विरघळून चिकट, मऊ झाला की बरगडी सुटते. ७०-८० अंशांना हे काम रेंगाळत होतं, ११८ ला झपाट्याने होतं. अर्धवट शिजलेली बरगडी म्हणूनच सगळ्यात वाईट: मांस आवळलेलं असतं, पण चिवटपणा गेलेला नसतो. अशा वेळी पुन्हा झाकण लावून पाच मिनिटं द्यायची. उलट फार शिजली तर मांस दोऱ्यादोऱ्यांनी सुटतं आणि रश्शात असूनही कोरडं लागतं. त्याला उपाय नाही, ते सोडवून खिम्यासारखं परतून घ्यावं.

मांस घेताना रंग फिकट गुलाबी आणि चरबी पांढरीशुभ्र, घट्ट हवी. मांसात भातापासून वाटाण्याएवढे पांढरट, पाण्याने भरलेले दाणे दिसले तर ते घेऊच नका. ती पट्टकृमीची गाठ असते. दुकानदाराला सत्तूर चालवू देऊ नका, दोन बरगड्यांच्या मधून सुरीने कापून मागा. सत्तुराने फुटलेल्या हाडाच्या किरच्या रश्शाच्या तळाला बसतात आणि दाताखाली येतात. गोठलेलं मांस असेल तर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. गोठलेला गोळा तसाच कुकरला लावला तर बाहेरचे तुकडे विरतात आणि मधले कच्चे राहतात.

बरगडीच्या आतल्या बाजूला एक पातळ, चकचकीत पांढरा पापुद्रा असतो. तो काढलाच पाहिजे. कितीही शिजवला तरी तो चामड्यासारखा राहतो, शिजताना आक्रसतो आणि तुकडा वाकडा करतो, शिवाय मसाला आत जाऊ देत नाही. कडेच्या हाडावर चमच्याच्या दांड्याचं टोक पापुद्र्याखाली सरकवायचं, दोन बोटं जातील एवढा उचलायचा, मग कोरड्या फडक्याने धरून एका दमात ओढायचा. ओल्या हाताने धरला तर निसटतो.

आता अळणी. १ किलो बरगड्यांना अर्धा चमचा हळद, दोन लहान चमचे मीठ (१२ ग्रॅमच्या आसपास), आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण दोन मोठे चमचे आणि एक मध्यम कांदा. हळद सांगलीची चांगली असेल तर अर्ध्या चमच्याच्या वर जाऊ नका, अळणी कडवट होते. तेल घालायचं नाही. चरबीचे तुकडे आधी बारीक आचेवर कुकरमध्ये टाकले की तीन-चार मिनिटांत पुरेसं सुटतं. त्यात कांदा, वाटण, हळद परतायची, मग बरगड्या घालून पाच-सहा मिनिटं, मांसाचा कच्चा रंग जाईपर्यंत. त्यावर दीड कप (साधारण ३५० मिली) गरम पाणी. थंड पाणी ओतलं तर मांस आवळतं असं म्हणतात. ते असो वा नसो, गरम पाण्याने कुकर लवकर दाबाला येतो आणि वेळेचा अंदाज चुकत नाही.

पाण्याला उकळी आली की मीठ घाला. स्टीलच्या बुडाशी थंड पाण्यात मीठ बसून राहिलं तर तिथं बारीक पांढरे खड्डे पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. झाकण न लावता चार-पाच मिनिटं उकळून वर आलेला करडा फेस झाऱ्याने काढा. अळणी स्वच्छ होते हा एक फायदा, दुसरा मोठा: हाच फेस आणि चरबी शिट्टीच्या नळीत जाऊन ती बुजते. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. लांब बरगड्या उभ्या रचल्या तर ५ लिटरमध्ये एक किलो आरामात मावतात.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ काढू नका. याबाबतीत तडजोड नको. दाब एकदम उतरला की मांसाच्या आतलं पाणी उसळून बाहेर पडतं आणि मऊ झालेले धागे कोरडे होतात. शिवाय चरबीचा रस्सा शिट्टीतून फवारतो, तो हातावर आला तर भाजतं. वाफ आपोआप जिरू द्या, पंधरा मिनिटं पुरतात. झाकण उघडल्यावरही बरगड्या आणखी पंधरा मिनिटं अळणीतच राहू द्या. नीट शिजलेली बरगडी ओळखायची तर हाडाचं टोक पाहा: मांस मागे सरकून साधारण एक सेंटिमीटर हाड उघडं पडलेलं असतं. चिमट्याने एका टोकाला धरून उचलली तर ती वाकते, पण तुटून पडत नाही. हाड हातात आलं आणि मांस कुकरमध्येच राहिलं तर पुढच्या वेळी तीन मिनिटं कमी करा.

अळणी गाळून फ्रिजमध्ये ठेवली की वर चरबीचा पांढरा थर धरतो. तो टाकू नका. दोन चमचे सुक्याला घ्या, दोन रश्शाच्या वाटणाला, बाकीची बाटलीत. दुसऱ्या कुठल्या तेलाने ही चव येत नाही.

सुक्यासाठी लोखंडी तवा किंवा कढई कडक तापवा. चरबीत दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला अगदी अर्धा मिनिट परता, लगेच एक पळी अळणी ओता, नाहीतर मिरची जळून ठसका उठतो. रस अर्धा आटला की बरगड्या मांसाची बाजू खाली करून ठेवा, दर बाजूला दोन-तीन मिनिटं, न हलवता. गूळ-चिंच आवडत असेल तर एक चमचा गूळ आणि थोडा कोळ अगदी शेवटच्या मिनिटाला. गूळ कुकरमध्ये कधीच घालू नये. दाबाखाली तो तळाला बसून काळा होतो आणि सगळ्या अळणीला जळकट वास लागतो. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणाचंही तेच, त्याची जागा रश्शाच्या पातेल्यात: चरबीत तेल सुटेपर्यंत परतून वर गरम अळणी, आठ-दहा मिनिटं उकळी, आणि तर्री आपोआप येते. कच्च्या पपईची तर इथं अजिबात गरज नाही, तिने मांसाचा वरचा थर पिठूळ होतो.

आता खुद्द कुकरबद्दल. स्टीलचं बरं वाटलं ते आंबटामुळे. चिंच, टोमॅटो, व्हिनेगर घातलं तरी चव बिघडत नाही. ॲल्युमिनियम काळं पडतं. पण स्टील ॲल्युमिनियमसारखं सगळीकडे सारखं तापत नाही, बुडाला जाड तळ नसेल तर मधोमध कांदा लागतो. आतून निळसर-इंद्रधनुषी डाग पडतात, ते चमचाभर व्हिनेगर लावून पुसले की जातात.

खरी कटकट रबरी रिंगची. चरबीचा वास तिच्यात मुरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वरणाला येतो. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर भिजवल्याने वास बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. मांसासाठी एक रिंग वेगळीच ठेवणं हा खरा उपाय. चरबीने रिंग सैलही लवकर पडते. झाकणाच्या कडेने वाफ सुटू लागली आणि पहिल्या शिट्टीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला की ती बदलायची, ओढून-ताणून वापरायची नाही. दर वेळी धुताना शिट्टीची नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का पाहा, नसेल तर सुई घाला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर कंपनीचाच बसवा, आणि त्याआधी नळी का बुजली किंवा पाणी का आटलं ते शोधा.

नवीन घेणार असाल तर आयएसआय मार्क पाहून घ्या, आणि बरगड्यांसाठी ३ लिटरचा घेऊ नका. त्यात अर्ध्या किलोच्या वर नीट मावत नाही, लांब बरगड्या तर झाकणालाच टेकतात.