टायसन विरुद्ध पॉल: वयाची सबब कुठवर चालते?
नेटफ्लिक्सवर नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेली माजी जगज्जेता माईक टायसन आणि यूट्यूबर-बॉक्सर जेक पॉल यांची लढत बॉक्सिंग म्हणून पाहायची तर पहिल्या दोन फेऱ्या पुरेत. टायसन ५८ चा, पॉल २७ चा. फेरी तीनऐवजी दोन मिनिटांची, ग्लोव्हज नेहमीपेक्षा जाड, १४ औंसांचे. एवढी सवलत असूनही तिसऱ्या फेरीपासून टायसनचे पाय जड झाले. डोकं ठोसे चुकवतं, पण पाय आत शिरत नाहीत. मग हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) हवेतच. ८ फेऱ्यांत त्याचे जेमतेम १८ ठोसे पॉलला लागले! इथे वयाची सबब मान्य. १९९० मध्ये बस्टर डग्लस या बॉक्सरने टायसनला लोळवलं तेव्हा मात्र तो अवघा २३ चा होता. आणि जॉर्ज फोरमन या बॉक्सरने १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, तेव्हाचा जगज्जेता मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवलं. फोरमनचा खेळ पायांवर फारसा अवलंबून नव्हताच.