काउपेन्सचे रणांगण सागवानात: महालातील एका कार्यशाळेच्या लाकडी संचाचे परीक्षण

तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणारी नागपूरच्या महाल भागातील एक छोटी कार्यशाळा हंगाम संपल्यावर ऐतिहासिक लढायांचे संच मागणीनुसार करून देते. तिने केलेला काउपेन्सच्या लढाईचा संच आम्ही आमच्या अभ्यासमंडळासाठी सुमारे साडेसहा हजार रुपयांना घेतला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध म्हटले की बहुतेकांना डेलावेअर नदी ओलांडणारा जॉर्ज वॉशिंग्टन किंवा यॉर्कटाउनची शरणागती आठवते. १७ जानेवारी १७८१ रोजी दक्षिण कॅरोलिनातील गुरे चारण्याच्या एका माळावर तासाभरात आटोपलेली ही लढाई निवडली, याबद्दल कारागिरांचे मनापासून कौतुक केले पाहिजे, कारण पाटावर मांडून समजावून घेण्यास इतकी योग्य लढाई माझ्या मते त्या युद्धात दुसरी नाही.

संचाचे खरे मोल त्याच्या पाटात आहे. अमेरिकी सेनापती डॅनियल मॉर्गनने निवडलेली जागा डोंगराळ नव्हती; हलक्या चढामागे माणसे दिसेनाशी व्हावीत, एवढाच तिचा उंचसखलपणा होता. कारागिराने तो इतका नेमका उतरवला आहे की पाटाच्या पातळीला डोळे आणून इंग्रजांच्या बाजूने पाहिले असता मागच्या टेकाडाआड उभे असलेले अमेरिकी अधिकारी विल्यम वॉशिंग्टनचे घोडेस्वार दिसतच नाहीत. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर भोसले आणि इंग्रज यांच्या लढाईत काय घडले हे ठाऊक असलेल्या नागपूरकराला थोड्याशा उंचीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

मॉर्गनने सैन्य तीन रांगांत उभे केले होते. पुढे विखुरलेले नेमबाज, त्यांच्यामागे अँड्र्यू पिकन्सची मिलिशिया, म्हणजे शेतीवाडी सोडून काही काळापुरते आलेले शिपाई, आणि सर्वांत मागे जॉन ईगर हॉवर्डच्या हाताखालचे कसलेले कवायती पायदळ. आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅमडेन येथे मिलिशिया इंग्रजी संगिनींपुढे पळत सुटली होती आणि अमेरिकनांचा दारुण पराभव झाला होता. मॉर्गनने हे ओळखून तिच्याकडे झेपेल तेवढेच मागितले: दोन फैरी झाडा, अधिकाऱ्यांवर नेम धरा आणि डावीकडून मागे या. ती ठरल्याप्रमाणे मागे वळली, तेव्हा इंग्रज सेनानी बनास्टर टार्लटनला ती पळापळ वाटली आणि त्याचे लोक शिस्त सोडून चढावर धावले. हॉवर्डची रांगही एका हुकुमाच्या गैरसमजातून मागे सरू लागली होती, पण ती मोडली नाही. आज्ञा होताच जागीच वळून तिने अगदी जवळून फैर झाडली आणि संगिनी रोखल्या. त्याच वेळी घोडदळ आणि पुन्हा जमलेली मिलिशिया इंग्रजांच्या बगलांवर आली. टार्लटनच्या सुमारे १,१०० माणसांपैकी ८०० हून अधिक ठार, जखमी वा कैद झाली. पाटाला भोके आणि शिपायांच्या रांगांना खुंट्या असल्यामुळे ही सारी हालचाल आपल्या हातांनी करून पाहता येते, आणि मिलिशियाचे मागे येणे हाच डावाचा कणा होता हे तेव्हा स्पष्ट दिसते.

म्हणूनच शिपाई घडवताना झालेल्या चुका अधिक खटकतात. मिलिशियातील पुष्कळांकडे रायफली होत्या. रायफलीचा नेम लांबवर अचूक लागे, पण ती ठासण्यास वेळ लागे आणि तिला संगीन बसत नसे. हातघाई होण्यापूर्वी या माणसांना मागे घेणे भाग होते ते त्यामुळेच. संचात मात्र सर्वांच्या हाती सारख्याच संगिनी लावलेल्या बंदुका दिल्या आहेत, आणि मॉर्गनच्या योजनेमागचे कारणच त्यातून पुसले गेले आहे. शेतकऱ्यांच्या अंगात साधे घरगुती सदरे असायला हवे होते, तेथे निळे गणवेश आहेत. टार्लटनच्या लीजनचे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पथकाचे, कोट हिरवे होते. येथे सारे इंग्रज सरसकट लाल रंगवले आहेत.

घोडे मात्र फार देखणे आहेत, नंदी घडवणारा हात त्यांत चटकन ओळखू येतो. रंग पक्का आहे आणि पेटी मजबूत आहे.

सोबतची पुस्तिका विजयापाशीच थांबते, हे मला अपुरे वाटले. काउपेन्सला आपले चपळ सैन्य गमावल्यावर दक्षिणेतील इंग्रज फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस अमेरिकनांच्या पाठलागात उत्तरेकडे ओढला गेला, मार्चमध्ये गिलफर्ड कोर्टहाऊस येथे जिंकूनही त्याची फौज झिजली आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे तिला शस्त्रे खाली ठेवावी लागली. तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. आपल्याकडच्या शाळकरी मुलांना त्याचे नाव कायमधाऱ्यामुळे, म्हणजे जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून देणाऱ्या पद्धतीमुळे, ठाऊक असते. त्यांच्यासाठी एवढा धागा पुस्तिकेत यायलाच हवा.

आठवी-नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी आणि शाळांच्या इतिहास कक्षासाठी हा संच मी आग्रहाने सुचवेन. कार्यशाळा सांगितलेले बदल करून देते, म्हणून मागणी नोंदवतानाच मिलिशियाच्या बंदुकांना संगिनी नकोत, त्यांचे सदरे साधे हवेत आणि लीजनचे कोट हिरवे हवेत, असे स्पष्ट लिहून द्यावे. पोळ्याच्या आधीच्या दिवसांत तेथे नंदींखेरीज दुसरे काम घेत नाहीत. मागणी दिवाळीनंतर द्यावी.