कुपवाडच्या वर्कशॉपनं बनवून दिलेलं आगबोटीचं तीन सिलिंडरचं इंजिन

एकतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. निवृत्तीनंतर स्वतःच्या हौशीसाठी एवढी मोठी खरेदी पहिल्यांदाच केली: कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपकडून ट्रिपल एक्स्पान्शन इंजिनाचं, म्हणजे एकच वाफ तीन सिलिंडरांत टप्प्याटप्प्यानं वापरणाऱ्या इंजिनाचं चालतं मॉडेल, 52,000 रुपये. चार महिने दर रविवारी चालवून बघितलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

एरवी ही मंडळी द्राक्षबागेच्या ब्लोअरचे आणि पंपांचे सुटे भाग करतात. मी त्यांना दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी मालवाहू जहाजांच्या इंजिनाची मापं दिली. अमेरिकेनं अशी 2,710 जहाजं बांधली आणि त्यांतलं इंजिन 2,500 अश्वशक्तीचं, मिनिटाला जेमतेम 76 फेरे घेणारं. तीन सिलिंडरांचे व्यास साडेचोवीस, 37 आणि 70 इंच. त्याचा चाळीसावा हिस्सा धरून माझ्या इंजिनाचे सिलिंडर 16, 24 आणि 44 मिलिमीटरचे निघाले. उंची वीतभरही नाही. बोअर आतून आरशासारखे, आणि तिन्ही क्रँक एकमेकांपासून बरोबर 120 अंशांवर. फ्लायव्हील बोटानं फिरवलं तर कुठंही अडत नाही.

वाफ फुगते तशी थंड होते. सगळं फुगणं एकाच सिलिंडरमध्ये उरकलं तर त्याच्या भिंती दर फेरीला गार पडतात, आणि पुढची ताजी वाफ आत शिरल्या शिरल्या त्या भिंतींवर पाणी होऊन बसते. म्हणजे कामाला लागायच्या आधीच वाया. तेच फुगणं तीन सिलिंडरांत वाटून दिलं की कुठल्याच सिलिंडरला फार तापावं-निवावं लागत नाही. पातळ झालेल्या वाफेला जागा जास्त लागते, म्हणून पुढचा सिलिंडर मोठा. शेवटच्याचं क्षेत्रफळ पहिल्याच्या साधारण आठपट आहे. हे पुस्तकात कितीदा वाचलं असेल, पण टेबलावर तिन्ही पिस्टन एकामागून एक हलताना बघितले तेव्हा ते डोळ्यांत बसलं.

माझ्या आईचे मामा रत्नागिरीकडचे, आगबोटीवर आगवाले होते. फावड्यानं कोळसा मारून मारून त्यांचा उजवा खांदा कायमचा उतरला होता. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेणं म्हणजे तेवढी फावडी कमी, हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलं. तो खांदा मी विसरलेलो नाही.

आता तक्रार. पहिल्या दिवशी 4 केजी प्रेशरवर (दर चौरस सेंटिमीटरला 4 किलो) इंजिन चाललं, पण दमल्यासारखं. तिसऱ्या सिलिंडरवर हात ठेवला तर कोमट. शंका आली म्हणून त्याचा ड्रेन कॉक, म्हणजे साचलेलं पाणी सोडायची तोटी, उघडला आणि तोंडाशी उदबत्ती धरली. धूर बाहेर उडायला हवा होता. स्ट्रोक संपत आला की तो आत ओढला जायचा! मी इंजिन तसंच उचलून वर्कशॉपमध्ये नेलं. लेथवरच्या पोरानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "आवं काका, धूर आत वडतंय की ह्ये!"

कारण साधं होतं. त्यांनी मॉडेलला कंडेन्सर, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणारं भांडं, दिलंच नव्हतं, तिसऱ्या सिलिंडरची वाफ सरळ हवेत सोडली होती. 4 केजीची वाफ आठपटीहून जास्त फुगली की तिचा दाब हवेपेक्षाही खाली येतो. मग तो मोठा पिस्टन इंजिनाला ओढत नाही, बाकीचे दोघे त्यालाच ओढत नेतात. जहाजात ही वाफ समुद्राच्या पाण्यानं थंड केलेल्या कंडेन्सरमध्ये जाते, तिथं व्हॅक्यूम असतो, म्हणून तर तिसरा सिलिंडर पगार मिळवतो. आमच्या कारखान्यातही उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या शेवटच्या बॉडीचा (भांड्याचा) व्हॅक्यूम तुटला की पाठीमागची सगळी रांग बोंबलायची.

वर्कशॉप चालवणाऱ्या ताईंनी वाद घातला नाही. "काका, आम्ही पंपवाले. खेचणं आमच्या ओळखीचं आहे," म्हणाल्या. तीन आठवड्यांत तांब्याच्या नळीची गुंडाळी असलेला कंडेन्सर आणि त्यातली हवा आणि पाणी उपसणारा, इंजिनावरच चालणारा एअर पंप बसवून दिला. मजुरी घेतली नाही, मालाचे 6,500 रुपये तेवढे घेतले. आता गेजवर पाऱ्याचा 400 मिलिमीटर व्हॅक्यूम दिसतो, आणि त्याच 4 केजीवर फेरे 180 वरून 260 वर गेलेत.

वरचा दाब आणि खालचा व्हॅक्यूम, दोन्ही टोकं नीट असल्याशिवाय मधल्या सिलिंडरांचं कौतुक फुकट. 1854 मध्ये जॉन एल्डर या इंजिनिअरनं 'ब्रँडन' जहाजावर दोन टप्प्यांचं इंजिन बसवलं. अलेक्झांडर कर्क या इंजिनिअरनं 1874 मध्ये 'प्रोपाँटिस' जहाजाला तीन टप्प्यांचं दिलं, इंजिन चांगलं होतं पण बॉयलरनी दगा दिला. मग 1881 मध्ये त्याच्याच इंजिनाचं 'अबर्डीन' जहाज चौरस इंचाला 125 पौंडांच्या, म्हणजे जवळपास 9 केजीच्या दाबावर प्लिमथहून मेलबर्नला 42 दिवसांत पोचलं, वाटेत एकदाच कोळसा घेऊन. बॉयलरवाल्याला ही गोष्ट जरा जास्तच भावते.

मागवणार असाल तर कंडेन्सर आणि एअर पंप ऑर्डरमध्येच लिहून घ्या. सिलिंडरवर लॅगिंग, म्हणजे उष्णता टिकवणारं आवरण, येत नाही. मी सागाच्या पट्ट्या पितळी पट्ट्यांनी आवळून बसवल्या, त्यानंही बराच फरक पडला. बॉयलर वेगळा घ्यावा लागतो. त्याची हायड्रॉलिक टेस्ट निदान दीडपट दाबावर, स्वतः समोर उभं राहून करून घ्या. माझी 6 केजीवर अर्धा तास ठेवली होती, काटा हलला नाही.