सहायक प्रशिक्षकाच्या खुर्चीतून: ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’

अमेरिकेतील महाविद्यालयीन ‘अमेरिकन फुटबॉल’वरचा ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ हा व्हिडिओ गेम १९ जुलै २०२४ रोजी बाजारात आला, तेव्हा या मालिकेतील आधीच्या गेमला अकरा वर्षे होऊन गेली होती. खेळाडूंची छबी वापरून गेम विकायचा आणि त्या खेळाडूंच्या हाती मात्र काहीच पडू द्यायचे नाही, या पद्धतीविरुद्ध खटले उभे राहिल्यामुळे मालिका थांबली होती. नव्या गेममध्ये संमती देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देण्यात आली. त्याची दृश्ये आणि मैदानावरील हालचाली यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हे परीक्षण ‘डायनॅस्टी’ या एकाच मोडपुरते (खेळण्याच्या प्रकारापुरते), त्यातही सहायक प्रशिक्षक म्हणून सुरू केलेल्या कारकिर्दीपुरते मर्यादित आहे.

या मोडमध्ये १३४ संघांपैकी एक निवडून मुख्य प्रशिक्षक, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चढाई सांभाळणारा सहायक प्रशिक्षक) किंवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचाव सांभाळणारा सहायक प्रशिक्षक) यांपैकी एका पदावर रुजू होता येते आणि कारकीर्द तीस हंगामांपर्यंत चालवता येते. प्रशिक्षकाचा पिंड आरंभीच ठरवावा लागतो: खेळाडूंना चेतवणारा, होतकरू मुले हेरून आणणारा, की डावपेच रचणारा. मिळवलेल्या अनुभवाच्या बळावर पुढची कौशल्ये उघडत जातात. बहुतेक जण थेट मुख्य प्रशिक्षक होतात. माझ्या मते कोऑर्डिनेटरपासून सुरुवात करण्यातच या मोडची खरी गोडी आहे, कारण हंगामाअखेरीस नोकऱ्यांची जी अदलाबदल होते, तिच्यात वर चढायला जागा उरते.

कोऑर्डिनेटरच्याही वाट्याला येणारे सर्वांत जिवंत काम म्हणजे शालेय खेळाडूंची भरती. प्रत्येक आठवड्याला ठरावीक तास मिळतात आणि ते यादीतील जास्तीत जास्त ३५ मुलांमध्ये वाटायचे असतात. एखाद्या मुलाची समाजमाध्यमे चाळायला पाच तास, त्याच्याशी थेट संदेशांतून बोलायला दहा, घरच्यांशी आणि मित्रांशी संपर्क साधायला पंचवीस आणि सर्व बाजूंनी जोर लावायचा असेल तर पन्नास तास खर्ची पडतात. एखाद्या उत्तम लाइनमनवर (पुढच्या फळीतील खेळाडूवर) आठवड्याआड पन्नास तास ओतावेत आणि त्याला घराजवळचेच विद्यापीठ हवे असल्याचे उशिरा उघड व्हावे, हा प्रसंग इथे नेहमीचा आहे. कोणाला खेळण्याची संधी लवकर हवी असते, कोणाला अभ्यासक्रमाचा दर्जा महत्त्वाचा वाटतो, तर कोणाचे लक्ष भरगच्च स्टेडियमकडे असते. मुलाला विद्यापीठ पाहायला बोलवायचे ते कोणत्या सामन्याच्या आठवड्यात, याचाही हिशेब करावा लागतो, कारण त्याच्यासमोर हरलो तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. सहायक प्रशिक्षकाचा वर्षातील किती वेळ मैदानाबाहेर जातो, याची जाणीव या तासांच्या वाटपातून चांगली होते.

सामन्याचा दिवसही नीट साधला आहे. गेमने अवघड मैदानांची जी क्रमवारी लावली आहे, तीत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे ‘काइल फील्ड’ पहिल्या क्रमांकावर आहे. तिथे पाहुणा संघ म्हणून तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) सात यार्ड हवे असताना नवख्या खेळाडूंना चाल द्यायची म्हणजे कसोटीच: गोंगाट वाढतो, पडदा थरथरतो आणि खेळाडूंनी कोणत्या मार्गाने धावायचे ते दाखवणाऱ्या सरळ रेषा वेड्यावाकड्या होतात. आठवडाभर घोटून घेतलेली चाल ऐन वेळी खेळाडूच्या डोक्यात कशी विस्कटते, हे याहून चांगले दाखवता आले नसते.

उणीव आहे ती शिडीच्या खालच्या पायऱ्यांची. गेमला प्रशिक्षकांची तीनच पदे ठाऊक आहेत. प्रत्यक्षात बहुतेकांची सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट (पदव्युत्तर शिक्षण घेता घेता काम करणारा मदतनीस) म्हणून, तुटपुंज्या मानधनावर आणि रात्र-रात्र प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रफिती पाहण्यात होते. मग क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा), रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) किंवा लाइनमन अशा एखाद्या गटाची जबाबदारी मिळते आणि त्यानंतर कोऑर्डिनेटरपद. हा क्रमही पुष्कळदा मोडतो. क्लेमसन विद्यापीठाचे डॅबो स्विनी रिसीव्हरांचे प्रशिक्षक होते. ऑक्टोबर २००८ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना मुख्य प्रशिक्षकांनी पद सोडले आणि कधीही कोऑर्डिनेटर न झालेल्या स्विनींकडे संघ आला. पुढे २०१६ आणि २०१८ च्या हंगामांत त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हा मार्ग गेममध्ये चालताच येत नाही. स्टीव्ह सार्किझियन यांचाही नाही: २०१५ मध्ये मुख्य प्रशिक्षकाची नोकरी गेल्यावर ते अलाबामा विद्यापीठात विश्लेषक म्हणून राहिले, पुढे तिथेच ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले, २०२० मध्ये सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला दिला जाणारा ब्रॉइल्स पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यानंतर ते टेक्सस विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक बनले. अशी पडती बाजू सावरण्याची जागा या मोडमध्ये नाही, आणि मला तीच सर्वांत जास्त खटकते.

दुसरी बाब मनोवृत्तीची आहे. व्हर्जिनिया टेकचे बड फॉस्टर १९९५ पासून २०१९ च्या हंगामापर्यंत डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर राहिले आणि मुख्य प्रशिक्षक कधीच झाले नाहीत. म्हणून त्यांची कारकीर्द अपुरी होती, असे त्या विद्यापीठाच्या आसपास कोणी म्हणणार नाही. गेममध्ये वरच्या पदाचा प्रस्ताव नाकारून त्याच खुर्चीत बसून राहता येते, पण तसे राहणाऱ्याच्या पदरी वेगळे काही पडत नाही. कोऑर्डिनेटरपद ही तिथे निव्वळ प्रतीक्षालयातील जागा ठरते. आघाडीच्या कोऑर्डिनेटरांना आज वर्षाला वीस लाख डॉलरहून अधिक वेतन मिळते, हे लक्षात घेता हा दृष्टिकोन थोडा जुना वाटतो.

या गेममध्ये प्रशिक्षकांची नावे काल्पनिक आहेत, त्यामुळे मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आपण काम करतो आहोत, ही भावना फारशी जागत नाही. १० जुलै २०२५ रोजी आलेल्या पुढच्या आवृत्तीत खरे प्रशिक्षक समाविष्ट झाले. ज्यांना खऱ्या नावांचे आकर्षण असेल, त्यांनी तीच घ्यावी.

सर्वसाधारण आवृत्तीची मूळ किंमत ६९.९९ डॉलर होती. गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांवरच चालतो. संगणकासाठी तो काढलेला नाही. अमेरिकन फुटबॉलचे नियम ज्यांना अजिबात ठाऊक नाहीत, त्यांनी आधी काही सामने पाहून मगच पैसे खर्च करावेत. घेणाऱ्यांनी बलाढ्य विद्यापीठ टाळून २०२४ मध्येच वरच्या श्रेणीत आलेल्या केनेसॉ स्टेटसारख्या संघात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर व्हावे. तिथे चांगली मुले सहजी येत नाहीत आणि प्रत्येक तासाचा हिशेब द्यावा लागतो.