मंतूचं तीन मजली पातेलं: काही महिन्यांच्या वापरानंतर

मंतू म्हणजे खिमा भरून वाफवलेले, मोमोसारखे अफगाणी उकडीचे घास. हॅम्बुर्गच्या श्टाइनडाम रस्त्यावर एका अफगाणी किराणा दुकानात ते वाफवायचं हे ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. खाली पाण्याचं भांडं, त्यावर भोकांच्या तीन थाळ्या. आधी मोदकपात्रात मंतू करायचे. एका घाण्यात जेमतेम आठ-दहा मावायचे आणि शेवटचा घाणा येईपर्यंत पहिल्याचा फडशा पडलेला असायचा. आता सगळे एकदम होतात. पैसे इथेच वसूल.

थाळ्यांना तेल चोपडताना हात आखडता घेऊ नका, नाहीतर उचलताना तळ फाटतो आणि सगळा रस खालच्या पाण्यात. कच्चा खिमा भरलात तर ४० मिनिटं धरा. सगळ्यात वरची थाळी मागे राहते, म्हणून मध्येच वरची खाली करते. झाकण सपाट असल्याने वाफेचं पाणी मंतूंवर टपकतं. झाकणाला सुती फडकं बांधलं की प्रश्न मिटतो. खरी तक्रार वेगळीच आहे. पाणी आटलं तर वरून ओतायची सोयच नाही, सगळा डोलारा उचलावा लागतो, आणि कान असे तापतात की विचारू नका.

अर्थात, सारण ओलं असेल तर कुठलंही भांडं काही करू शकत नाही. अफगाणिस्तानात गोमांसाचा किंवा मेंढीचा खिमा घेतात. मी मेंढीचा घेते. कांदा जवळपास खिम्याइतकाच, बारीक चिरून, मीठ लावून घट्ट पिळलेला. धणे, जिरे, मिरी. मैद्याची पारी पलीकडचं दिसेल इतकी पातळ लाटून चौकोन कापायचे, समोरासमोरची टोकं मधोमध जुळवायची आणि मग खाली बाहेर राहिलेले पारीचे कोपरे दोन-दोन करून चिमटायचे. तयार वॉनटनच्या (चिनी मोमोंच्या) पाऱ्या परदेशातल्या अफगाणी घरांतही सर्रास वापरतात, तेव्हा लाजू नका. मला मात्र त्या कोरड्या वाटतात.

ताटात आधी लसूण घातलेला चक्का, त्यावर मंतू, वरून टोमॅटोत शिजलेली डाळ आणि चुरडलेला सुका पुदिना. ताजा पुदिना इथे अजिबात नको.

आतून काळवंडलं तर व्हिनेगर घालून पाणी उकळा. आशक (भाजी भरलेले अफगाणी मोमो) करायचे असतील तर या पातेल्याची गरज नाही, ते पाण्यातच उकडतात. आणि घरात इंडक्शन असेल तर हे घेऊच नका, चालत नाही. जाड बुडाचं, इंडक्शनला चालणारं स्टीलचं बघा.