मॉन्स्टर हंटर राइज : श्वापदाची चाल ओळखायला लावणारा खेळ

कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘मॉन्स्टर हंटर राइज’ हा खेळ २६ मार्च २०२१ रोजी निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी बाजारात आला. पुढे तो संगणकावर आणि इतर यंत्रांवरही उपलब्ध झाला, परंतु त्याची घडण मुळात स्विचसाठी झालेली असल्यामुळे हे परीक्षणही त्याच आवृत्तीचे आहे. परभणी-नांदेडकडे तरुण मुलांमध्ये खेळाचा विषय निघाला की बहुधा मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळांचीच चर्चा होते. त्या खेळांच्या मानाने हा खेळ संथ आणि किचकट आहे, आणि पहिले काही तास तो नवख्याला जवळ येऊ देत नाही. तरीही तो जरूर घ्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण समोरच्या जनावराकडे नीट पाहिल्याशिवाय या खेळात कोणालाही पुढे सरकता येत नाही, आणि असे पाहायला लावणारे खेळ फार थोडे आहेत.

खेळाची रचना समजायला सोपी आहे. कामुरा नावाच्या डोंगराळ गावातील शिकारी म्हणून आपण कामगिरी स्वीकारतो, नेमून दिलेल्या प्रदेशात जातो आणि तिथल्या अजस्र श्वापदाला मारतो किंवा जिवंत पकडतो. बहुतेक कामगिऱ्यांना ५० मिनिटांची मुदत असते आणि शिकारी तीनदा बेशुद्ध पडला की कामगिरी फसते. शिकाऱ्याची ताकद अनुभवाचे गुण साठवून आपोआप वाढत नाही, ही या खेळाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणावी लागेल. मारलेल्या श्वापदाचे कातडे, खवले, नखे आणि हाडे घेऊन लोहाराकडे जायचे, त्यांतून नवे शस्त्र आणि चिलखत घडवून घ्यायचे आणि त्याच्या बळावर आणखी मोठ्या श्वापदासमोर उभे राहायचे, असा हा क्रम आहे. एखाद्या चिलखतासाठी हवा असलेला दुर्मीळ भाग मिळेपर्यंत एकाच श्वापदाची शिकार पुन्हा पुन्हा करावी लागते. ज्यांना ही पुनरावृत्ती मुळीच सोसत नाही, त्यांनी या खेळाच्या वाटेला न गेलेले बरे.

पुनरावृत्ती मला मात्र जड गेली नाही, आणि त्याचे श्रेय श्वापदांच्या घडणीला आहे. नार्गाकुगा हे काळ्या बिबट्यासारखे, पण पंख असलेले श्वापद याचे उत्तम उदाहरण आहे. ते सरळ अंगावर येत नाही. आधी एका बाजूला झेप घेते, मग दुसऱ्या बाजूला, आणि आपली नजर त्याच्या मागे फिरत असतानाच तिरके येऊन पंखाच्या धारेने वार करते. चिडले की त्याचे डोळे लाल होतात आणि अंधाऱ्या झाडीत त्या डोळ्यांच्या लाल रेषा तेवढ्या हलताना दिसतात. शेपूट वर उचलून आपटण्यापूर्वी त्याचे अंग किंचित दबते. हे दबणे ज्याला दिसले तो बाजूला सरतो, आणि आपटलेली शेपूट मागे घ्यायला श्वापदाला जो क्षणभर वेळ लागतो, तेवढ्यात एक-दोन घाव घालून पुन्हा दूर होतो. पडद्यावर श्वापदाच्या उरलेल्या जिवाची पट्टी नसते. थकले की ते लाळ गाळते आणि मरणाला टेकले की लंगडत आपल्या बिळाकडे निघते. पकडण्याजोगे झाल्याची खूण नकाशावर उमटते खरी, पण लढताना नजर नकाशावर ठेवायला उसंत कुठली? आमच्याकडे हरभऱ्यात रानडुकरे शिरतात म्हणून रात्री जागल करणारी माणसे नुसत्या खसपशीवरून कळप कोणत्या बांधाने येत आहे ते सांगतात. तसलेच सावध लक्ष हा खेळ मागतो.

‘मॉन्स्टर हंटर’ मालिकेच्या या भागातील नव्या श्वापदांवर जपानी लोककथांची स्पष्ट छाप आहे. टेट्रानाडॉन हे कप्पा या जलचर भूतावरून, तर अक्नोसोम हे छत्रीच्या भुतावरून बेतलेले आहे. हे दुसरे श्वापद एका पायावर उभे राहून डोक्यावरचा तुरा छत्रीसारखा उघडते. फळे फेकून मारणारा वानरसदृश बिशातेन तेंगू या पंखधारी भुताची आठवण करून देतो. जपानबाहेरच्या खेळाडूला या कथा ठाऊक नसल्या तरी काही बिघडत नाही, कारण प्रत्येकाचे अंग आणि त्याचा स्वभाव यांचा मेळ इतका पक्का आहे की श्वापद पाहताक्षणीच ते काय करील याचा अंदाज बांधावासा वाटतो.

शस्त्रांचे प्रकार १४ आहेत आणि प्रत्येक शस्त्राबरोबर खेळाची लय बदलते. प्रचंड तलवार संथ आहे, तिचा एकच घाव योग्य वेळी बसावा लागतो. जोडतलवारींना उसंत ठाऊक नाही. भाला घेणारा ढालीआड पाय रोवून उभा राहतो. मला स्वतःला हातोडा आवडतो, कारण डोक्यावर नेमके घाव बसले की श्वापद गरगरून कोसळते आणि शेपूट तोडायला धारदार शस्त्रवाल्या साथीदाराला मोकळीक मिळते. शिकारीचे शिंग हे शस्त्र तर या भागात नव्याने घडवले आहे. त्याचे घाव घालतानाच सूर जुळत जातात आणि त्या सुरांचा लाभ सगळ्या चमूला होतो.

चमूचा उल्लेख आला, म्हणून या खेळाच्या ज्या गुणाबद्दल मला सर्वाधिक आस्था आहे त्याविषयी सविस्तर लिहितो. गॅदरिंग हब या शिकाऱ्यांनी एकत्र जमायच्या ठिकाणच्या कामगिऱ्या चार जणांपर्यंत एकत्र खेळता येतात आणि त्यासाठी इंटरनेट असलेच पाहिजे असे नाही. चौघांकडे चार यंत्रे आणि खेळाच्या चार प्रती असतील, तर एका खोलीत बसून ती थेट एकमेकांशी जोडता येतात. मोबाइलचे नेटवर्क अर्ध्यावर दगा देते आणि उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, अशा आमच्या भागात ही सोय अमोल आहे. सुटीत नांदेडचा माझा मावसभाऊ आणि त्याचे मित्र घरी आले की आम्ही माडीवर असेच खेळत बसतो. सगळ्यांचे मिळून तीनदा बेशुद्ध पडणे झाले की सगळ्यांचीच कामगिरी बुडते, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहावी लागते. “दादा, शेपूट उचलली बघ, डावीकडं सर!” अशी हाक वेळेवर आली तर शिकार साधते. अनोळखी माणसांबरोबर इंटरनेटवरून खेळतानाही सहकार्य मिळते, पण हे बोलणे मिळत नाही. यंत्रे आणि प्रती मिळून खर्च मोठा होतो, हे खरे. म्हणून मित्रांपैकी कोणाकडे स्विच आधीपासून आहे हे विचारूनच निर्णय घ्यावा.

वायरबग हा दोरकिडा या भागातील खरा नवा शोध आहे. त्याच्या रेशमी तारेने शिकारी कड्यावर झेपावतो, फटका बसून हवेत उडाला तर सावरतो, आणि श्वापदाला जेरबंद करून त्याच्यावर स्वारही होतो. पालाम्यूट या कुत्र्यावर बसून धावताना औषध पिता येते, शस्त्राला धारही लावता येते. जुन्या भागांत पायी जाण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो. मात्र याच सोयींनी एक गोष्ट हिरावून घेतली आहे: श्वापद कुठे आहे हे नकाशावर पहिल्यापासूनच दिसत असल्यामुळे माग काढण्याचे कसब उरलेले नाही. ज्या खेळाचा आत्मा निरीक्षण आहे, त्याने शोध घेण्याचा भाग इतका सहज सोडून द्यायला नको होता.

रॅम्पेज या नावाने येणाऱ्या कामगिऱ्या मला सर्वांत कमकुवत वाटल्या. गावाच्या वेशीवर तोफा आणि बाणयंत्रे मांडून श्वापदांच्या झुंडी थोपवायच्या, अशी ती रचना आहे. तिथे गोंधळात जनावर ओळखायला वावच मिळत नाही. गावातील एकट्याने खेळायच्या कामगिऱ्या फारच सोप्या आहेत. शिवाय खेळ आल्यावर त्याच्या कथेचा खरा शेवट मे २०२१ मधील अद्ययावत आवृत्तीने जोडला गेला. पूर्ण किंमत मोजणाऱ्या पहिल्या ग्राहकांवर तो अन्याय होता, पण आज विकत घेणाऱ्याला त्याची झळ पोचत नाही. सुरुवातीला सूचनांची पाने एकामागून एक अंगावर येतात. ती सगळी इंग्रजीत वाचावी लागतात आणि स्विचच्या पडद्यावर अक्षरे बारीक दिसतात. इयत्ता सहावी-सातवीतल्या मराठी माध्यमाच्या मुलाला हा खेळ देणार असाल, तर पहिले काही दिवस घरातील मोठ्याने शेजारी बसणे आवश्यक आहे.

खरेदीविषयी थोडे. निन्टेन्डो आपली यंत्रे भारतात अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे आयात करणाऱ्या दुकानदारांकडूनच ती घ्यावी लागतात. हमी कोण देणार आणि दुरुस्ती कुठे होणार हे आधी लेखी घ्यावे. स्विचच्या सुरुवातीच्या यंत्राची बॅटरी साधारण अडीच ते साडेसहा तास चालते, तर २०१९ मध्ये आलेल्या सुधारित यंत्राची साडेचार ते नऊ तास. हा खेळ वजनदार असल्यामुळे खालचाच आकडा धरून चालावे. परभणीहून संभाजीनगरला देवगिरी एक्स्प्रेसने जाताना सुधारित यंत्र पुरेसे ठरते. ‘सनब्रेक’ हा ३० जून २०२२ रोजी आलेला विस्तार स्वतंत्रपणे विकत मिळतो, त्यासाठी मूळ खेळ लागतो, आणि त्याची कठीण शिकार या खेळाला शोभेल अशी आहे. परंतु हबमधील मूळ कथा पूर्ण झाल्याशिवाय त्याचे दार उघडत नाही, म्हणून दोन्ही एकदम घेण्याची घाई करू नये. आधी मूळ खेळ घ्यावा, नार्गाकुगाशी दोन हात करावेत, आणि त्याची झेप कुठे पडणार हे ओळखू येऊ लागले की मगच सनब्रेकसाठी पैसे बाजूला काढावेत.